बिनघंटेची मोरी

चांगलं करायला जावं आणि ते आपल्याच अंगाशी यावं, तसं इवल्याशा येसूचं झालं. गायीचं वासरू जगलं, तर त्याच्या गळ्यात बांधायची घंटा देवराईतल्या देवाला वाहीन, असा तिचा नवस होता. गाय विताना गेली, पण वासरू जगलं. येसूनं त्याचं नाव मोरी ठेवलं आणि नवस फेडला. दुसऱ्याच दिवशी मोरी रानात हरवली. आता घंटेच्या आवाजाशिवाय ती सापडायची कशी?

मोरीशिवाय आईपाशी दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणून कुणालाही न सांगता येसू घोंगडी घेऊन एकटीच रानात निघाली.

दोन दिवस ती चालली. दगडांवर हिरवंगार मऊ शेवाळ होतं, त्यावर दवाचे चिमुकले मोती चमचमत होते. पण येसूला त्याचं काय! पाय गारठून निळे पडले होते. रात्र तिनं झाडाच्या ढोलीत कुडकुडत काढली. दुसऱ्या संध्याकाळी हाका मारून मारून घसाही बसला. "माझ्यामुळंच गेली गं मोरी," म्हणत ती शेवाळात तोंड खुपसून रडली.

शेवाळ हललं. आतून बोटाएवढी पोपटी परी वर आली.

"एक इच्छा माग, बाळ. पण नेम असा, की मागशील ते मला या रानातल्या कुणाकडून तरी काढूनच द्यावं लागतं."

"थोडी ऊब?"

"देते. खारीच्या पिल्लांच्या घरट्यातली."

"नको, नको! मग माझी मोरी दे."

परी म्हणाली, "एका हरणीचं पाडस मेलंय. ती मोरीला दूध पाजतेय."

रिकामा गोठा आणि आईचा चेहरा येसूच्या डोळ्यांपुढं आला. "तिच्याकडून नको काढू," ती कशीबशी म्हणाली. "मला काहीच नको." इतकी वाईट संध्याकाळ तिनं कधी पाहिली नव्हती.

"मागणाऱ्याला दुसऱ्याचं द्यावं लागतं," परी हळूच म्हणाली. "न मागणाऱ्याला मी माझं देऊ शकते."

तिनं पिटुकले पंख झटकले. सोनेरी, मोरपंखी उजेड शेवाळावर सांडत गेला, त्याची वाट झाली आणि परी त्यातच विरून गेली.

त्या वाटेनं मोरी धावत आली. मागून हरणीही आली. येसूनं कुणालाच दावं लावलं नाही. तिघी मिळून घरी निघाल्या.

आई दारातच होती. तिनं ना वासराकडं पाहिलं, ना हरणीकडं. येसूचे गार पाय पदरात घेऊन ती रडत म्हणाली, "अगं, तूच नसलीस तर मला वासरू कशाला गं?"