ऐंशीला काढलेली बॅटरी

"शंभर टक्के? आणि हे तुम्ही सांगताय, भंते?"

प्रियदर्शीने हातातली बॅटरी खाली ठेवली नाही.

सकाळचे सात वाजले होते. भंते सुमनसार विहाराच्या पायरीवर उभे होते. वारा पडला होता. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"आज पूर्ण भर," ते म्हणाले.

"पण का?"

भंते थोडा वेळ पश्चिमेकडे बघत राहिले… मग आत गेले.

विहार चंद्रपूरकडच्या जंगलाला लागून होता, हिरडटोला नावाच्या वस्तीच्या टोकाला. चीवर घेण्याआधी भंतेंनी बावीस वर्षं वनखात्यात वायरलेस सेट सांभाळले होते. प्रियदर्शी खोब्रागडे पुण्याच्या एका कंपनीत इंजिनीअर होता. दहा दिवस ध्यान शिकायला म्हणून आला आणि राहिला. त्याला तीन वर्षं झाली होती.

त्याच्या हातात होती ती गयाबाई लोणारेंची बॅटरी.

गयाबाईंनी आयुष्य भाताच्या गिरणीत काढलं. कोंड्याने फुप्फुसं गेली. आता हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकाशी पोचवणारं एक मशीन त्यांच्या उशाशी असे. लाइन असली की ते विजेवर चाले. लाइन गेली की बॅटरीवर.

पहिली बॅटरी वर्षभरात मेली होती. पत्र्याच्या घरात, वैशाखाच्या उन्हात, ती रात्रंदिवस चार्जिंगला लावलेली असायची. तेव्हा भंतेंनी प्रियदर्शीचा हात धरून तिच्यावर ठेवला होता.

"काय लागतं हाताला?"

"भाजतंय."

"उन्हात बसवून, पोट भरलेलं असताना हिला अजून भरवतायत. कशी जगेल?"

नवी बॅटरी आली, ती भंतेंनी विहाराच्या मातीच्या गार खोलीत आणून भरायला लावली. ऐंशी टक्के झाले की काढायची. विसाच्या खाली जाऊ द्यायची नाही. गरम असली तर आधी गार होऊ द्यायची, मगच चार्जरला लावायची.

प्रियदर्शीने ते कडक पाळलं. नुसतं पाळलं नाही, गावभर शिकवलं. लोकांच्या उशीखालून चार्जिंगचे फोन काढले. मोबाइल तापला की त्याचं कव्हर उतरवायला लावलं. वापरात नसलेले टॉर्च अर्धे भरून ठेवायची सवय लावली. शेजारच्या गावांतूनही माणसं त्याला विचारायला येऊ लागली.

आलेल्या प्रत्येकाला तो गयाबाईंची बॅटरी दाखवी.

"नवी होती तेव्हा चार तास दहा मिनिटं चालायची. तीन वर्षांनी आजही चार तास! दहा मिनिटं गेली फक्त."

तो हे सांगत असला की भंते डोळे मिटून बसत.

त्या सकाळी त्याने बॅटरी चार्जरला लावली. साडेनऊला आकडा ऐंशीवर आला.

तो उठला. पुन्हा बसला.

भंते सत्तरीचे झाले होते. कालच, चष्मा कपाळावर असताना, तासभर चष्मा शोधत होते. विसरले असतील… आणि त्यांच्या विसरण्यापायी तीन वर्षांची मेहनत का घालवायची?

एका दिवसाने काही बिघडत नाही, हे इंजिनीअर म्हणून त्याला ठाऊक होतं. पण नियम तो नियम.

त्याने पिन ओढली. करुणा बॅटरी न्यायला आली. ही गयाबाईंची सून.

"फुल आहे नं, भाऊ?"

"जितकी हवी तितकी आहे," तो म्हणाला.

दुपारी एकला वादळी वावधान सुटलं.

आधी धूळ आली. मग वाऱ्याने पत्रे उचलले. सागाची झाडं मोडल्याचे आवाज जंगलातून येऊ लागले. लाइन गेली, आणि ती लगेच येणार नाही हे कळायला कुणी सांगावं लागलं नाही. गावाबाहेरचे तीन खांब आडवे झाले होते.

करुणाने मशीन बॅटरीवर टाकलं आणि अँब्युलन्सला फोन लावला. येतो म्हणाले. अडीच तास लागतील.

साडेतीन वाजले. गाडी आली नव्हती.

खोलीत गयाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. बाजूला भंते. प्रियदर्शी दारात उभा. मशीन दमाने फुसफुस करत होतं. आकडा सोळा होता. मग तेरा झाला.

"भाऊ," करुणा म्हणाली, "चार तास चालते म्हणत होते नं तुमी? अजून तीनबी नाई झाले."

प्रियदर्शीने आकड्याकडे पाहिलं.

"बिघडली का?"

"नाही. बिघडली नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान वळवली. भंतेंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते गयाबाईंच्या श्वासाकडे बघत होते.

गाडी आत्ता येईल. आत्ता हॉर्न वाजेल… मग सांगायची वेळच येणार नाही.

अकरा.

चारला दहा कमी असताना फोन वाजला. करुणाने ऐकलं आणि तिचा हात खाली आला.

"नाल्यापाशी झाडं पडले म्हन्ते. गाडी अटकली. तोडून राह्यले… किती वेळ लागन, सांगता येत नाई म्हन्ते."

नाला तीन किलोमीटरवर होता.

नऊ.

प्रियदर्शीला हिशेब करावाच लागला नाही, तो आधीच झालेला होता. वीस टक्के. अट्ठेचाळीस मिनिटं. ती आज सकाळी त्याच्या हातात होती.

गयाबाईंनी त्याच्याकडे बघून बोट हलवलं. एकेक शब्द तोडत त्या म्हणाल्या,

"असा… उभा नोको राहू, बापू. तुहं तोंड पाहून… माहा दम जाते."

कुणी हसलं नाही.

"भंते…" तो म्हणाला. "मी ऐंशीलाच काढली होती."

करुणाने तोंडावर हात ठेवला.

भंते जागेवरून उठले. त्याच्यासमोर आले. प्रियदर्शीने मान खाली घातली. वाटलं, आता बोलतील.

भंतेंनी त्याच्या खांद्याला धरून त्याचं तोंड दाराकडे फिरवलं.

"पळ," ते म्हणाले.

तो पळाला.

रस्त्यावर फांद्यांचा खच होता. मोटरसायकल जाण्यासारखी जागाच नव्हती. तो वरून, खालून, कधी हातापायांवर रांगत गेला. सागाच्या काटक्यांनी पोटऱ्या ओरबाडल्या. नाल्याशी पोचला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी पलीकडे उभी होती. दोघंजण कुऱ्हाडीने झाड तोडत होते.

"सिलिंडर द्या," एवढंच त्याला बोलता आलं.

गाडीतल्या नर्सभाऊने त्याच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर खांद्यावर घेऊन तोच आडव्या झाडावर चढला. दोघं आळीपाळीने तो वाहत निघाले. अर्ध्या वाटेवर प्रियदर्शी पडला. सिलिंडर त्याने छातीशी धरून ठेवला, कोपर मात्र सोलून निघालं.

घरात शिरले तेव्हा साडेचार झाले होते.

मशीन बंद होतं. पडदा काळा होता. आवाज नव्हता.

गयाबाई पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते. त्यांच्यासमोर जमिनीवर भंते बसले होते, तसेच झुकून, तसेच हात टेकून. भंते नाकाने हवा घेत, मग फुंकर घातल्यासारखी ओठांतून सावकाश सोडत. गयाबाईही घेत. भंते सोडत. गयाबाई सोडत. अठरा मिनिटं हेच चाललं होतं. भंतेंचं चीवर घामाने भिजलं होतं.

नर्सभाऊने नळी लावली. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटाला लावला.

बहात्तर…

करुणा भिंतीला टेकून खाली बसली.

सत्त्याहत्तर… चौऱ्याऐंशी…

बराच वेळ आकडा तिथेच राहिला. मग नव्वद झाला.

गयाबाईंनी डोळे उघडले, भंतेंकडे पाहिलं आणि त्या कण्हल्या. भंते उठायला गेले तर त्यांना उठता येईना. प्रियदर्शीने हात दिला. भंतेंनी तो घेतला.

पाचला रस्ता मोकळा झाला. गयाबाईंना घेऊन गाडी गेली. करुणाही बरोबर गेली.

प्रियदर्शी विहाराच्या ओसरीवर येऊन बसला. कोपराचं रक्त सुकलं होतं. त्याने ते धुतलं नाही. भंते आत होते. तो आत गेला नाही. कुणी आत बोलावलंही नाही.

दिवस मावळायच्या आत करुणाचा फोन आला.

"माय चहा मागून राह्यली," ती म्हणाली. थांबली. "डॉक्टर म्हन्ते, अजून धा मिनटं गेले असते तं…"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो उठून आत गेला. भंतेंसमोर गुडघे टेकले.

"वाचल्या," तो म्हणाला.

भंतेंनी मान हलवली.

"मला जायला सांगा, भंते."

भंतेंनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही विसरला असाल असं मला वाटलं. तुमचं वय झालं, असंही वाटलं… माझ्याच्याने ते तिथे, त्यांच्यासमोर सांगवत नव्हतं. तेरा टक्के होते तेव्हाच मला कळलं होतं, पुरणार नाही. मी गप्प राहिलो."

बाहेर मोडलेल्या फांद्यांवरून माणसं एकमेकांना हाका मारत होती.

"काहीतरी बोला. तुम्ही सरळ शब्दांत सांगितलं होतं. आणि मी तुमचं ऐकलं नाही."

भंतेंनी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"ऐकलंस की," ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वीचं."