पहिलीच खाण

कोंदावाहीच्या डोंगरात लोखंडाची नवी खाण निघणार होती. जमिनी गेलेल्या चाळीस जणांना घेऊन जानो पुंगाटी भरतीच्या रांगेत उभी राहिली. अधिकाऱ्याने अर्ज न वाचताच बाजूला सारले.

"पाच वर्षांचा अनुभव लागतो, बाई. तुमच्यातल्या कोणी खाण पाहिली तरी आहे का?"

जानो जागची हलली नाही. "साहेब, तुमच्या कंपनीची ही कितवी खाण?"

"पहिलीच," साहेब ऐटीत म्हणाले. "पण बाहेरून जाणकार आणून आम्ही सगळं शिकून घेतलंय."

"म्हणजे अनुभव नसताना तुम्हाला अख्खा डोंगर मिळाला, आणि आम्हाला साधं काम मिळू नये? तेच जाणकार आम्हालाही शिकवतील."

तिच्यामागची रांगही हलेना. शेवटी साहेबांनी अर्ज पुढे ओढले. सोमवारी प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा पहिल्या बाकावर जानो बसली होती.