पाठमोऱ्यांचं रिंगण

बेलगव्हाळीच्या शेवटच्या घरामागे, बंडगरांच्या परसात, कमरेएवढ्या दगडांचं एक रिंगण आहे. नवा माणूस बघतो आणि म्हणतो, जुना कोंडवाडा असेल. कुणी म्हणतं, देऊळ पडलेलं दिसतंय. पण जवळ जाऊन बघा. प्रत्येक दगडाची सपाट बाजू बाहेर माळाकडे आहे आणि फुगीर बाजू आत, मधल्या लिंबाकडे. जणू माणसं लिंबाला पाठ करून उभी आहेत. देवाला हळद समोरून लागते, इथे ती पाठीला लागते. आणि विहिरीच्या वाटेवर जो एक बुटका दगड आहे ना, हळदीचा पहिला मान त्याचा. हे असं का, ते जुनी माणसं सांगत आली आहेत.

फार मागे बंडगरांच्या घरात बयजा नावाची सून होती. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराची लेक. तिच्या आईने तिला चालत्या वाटेवर बाभळीच्या सावलीत जन्म दिला आणि दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून पुढचा मुक्काम गाठला, असं म्हणतात. सासरचे मात्र घर बांधून राहिलेले. दगडी घर, आणि घराच्या पोटात बाळंतिणीची खोली. तिला खिडकी नव्हती. वारा लागू नये, नजर लागू नये म्हणून दार घट्ट लावायचं आणि आत शेणीची धग ठेवायची. धुराने डोळे चुरचुरायचे, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही असा अंधार. बयजाची दोन बाळंतपणं त्या खोलीत झाली. दोन्ही जीव त्या अंधारात आले आणि एकदाही न रडता अंधारातच गेले. त्यांची तोंडं कशी होती, तेसुद्धा तिला बघायला मिळालं नाही.

तिसऱ्यांदा दिवस गेले. पोट दिसू लागलं, तेव्हा एकदा ती परसात बाजरी पाखडत बसली होती. समोर लिंबाखाली मेंढी व्याली. कोकरू ओलंचिंब भुईवर पडलं, आईने चाटलं, उन्हात थरथरत उभं राहिलं आणि सड शोधू लागलं. बयजा सूप मांडीवर घेऊन बघतच राहिली. संध्याकाळी सासूला म्हणाली, "आत्याबाई, या खेपंला मी लिंबाखाली बाळंत हुनार."

सासू ठकूबाई. नवऱ्यामागे सगळं घर एकटीने ओढलेली बाई. तिने चुलीतलं लाकूड मागे घेतलं. "माझी पाच पोरं त्याच खोलीत झाली. एकेक नांगराला जुंपावा असा हाय."

"तुमचं नशीब चांगलं, आत्याबाई."

"आन् गाव काय म्हनंल? बंडगराच्या सुनंला छप्पर मिळंना?"

"छप्पर हाय म्हनूनच तर जीव घुसमटतो."

ठकूबाई दुष्ट नव्हती. ते दोन्ही इवले जीव तिनेच पदरात गुंडाळून माळावर नेले होते. ती भ्याली होती, एवढंच. शेवटी तिने कुणाला सोडवता येणार नाही असा पेच टाकला. परसाला कुंपण नाही, बाजाराची वाट विहिरीवरून जाते, सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत सुनेला बसवायची कशी? "चार भिती उभ्या कर नि खुशाल बस. पन भिती झाल्या की त्याची खोलीच झाली. मग आतल्या खोलीनं तुजं काय घोडं मारलंय?"

पण बयजा चालत्या वाटेवर जन्मलेली. भिंतीही चालतात, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा बिरू, त्याचे भाऊ आणि भावकीतले बाप्ये बिरोबाच्या देवळापुढे सूत कातत बसले होते. बयजा डोईवरचा पदर सावरून पुढे गेली आणि म्हणाली, "मला भित पायजे. तुमच्या पाठींची."

आधी कुणाला कळेना. कळलं तेव्हा हसू फुटलं. कुणी म्हणालं, बाळंतपणात बाप्याचं काय काम? कुणी म्हणालं, विटाळ होईल.

"मेंढी अडली की कोपरापतुर हात घालता," बयजा म्हणाली. "दिस दिस तिच्यापाशी बसता. तवा इटाळ कुठं जातो?"

बिरू खाली मान घालून सुताची चाती फिरवत राहिला. सगळ्यांत वडील चुलता धुळाबा, त्याने सूत बाजूला ठेवलं. "सूनबाय उभं ऱ्हा म्हनती. बगा म्हनत न्हाई. पाठ द्यायला आपलं काय जातं?"

मग सगळ्यांनी बिरोबाचा भंडारा उचलला. घोंगडी धरून, माळाकडे तोंड करून उभं राहायचं. बयजा सांगेल तोवर कुणी वळायचं नाही. धनगराने हळद हातात घेऊन दिलेला शब्द जीव गेला तरी पाळायचा असतो.

ठकूबाईला कळलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "करा काय करायचं ते. मी त्या लिंबाखाली पाऊल टाकनार न्हाई."

पौषातल्या एका सकाळी, मेंढरं चरायला निघायच्या वेळी, बयजाला कळा सुरू झाल्या. आधीच्या दोन्ही खेपांची कोंडाई सुईण आली. तिने लिंबाच्या फांदीला दोर बांधला, खाली भुस्सा पसरून त्यावर धडपं अंथरलं. बाप्ये आले, लिंबाभोवती उभे राहिले, पाठी आत, तोंडं बाहेर. घोंगडी एकीला एक लागली आणि वारा बाहेर राहिला. वर मात्र आभाळ मोकळं होतं. इकडे घरात ठकूबाईने अंधाऱ्या खोलीत धग पेटवून ठेवली. वाऱ्याचा एक झोत आला की सून आत येईल, अशी तिची खात्री होती.

पण मधला दीर मेंढरं घेऊन लांबच्या कुरणावर गेला होता, आणि त्याच्या वाटची जागा मोकळी पडली. ती नेमकी विहिरीच्या वाटेवर; सरकून बुजवावी तर दुसरीकडे फट पडे. ज्याने भंडारा उचलला नाही त्याला तिथे उभं करता येईना. ऊन वर आलं, कळा जवळ आल्या. दोराला लोंबकळताना बयजाला त्या फटीतून वाट दिसत होती, आणि वाटेवरून बाजाराला निघालेली माणसं येत होती. बोलत, हसत, अगदी जवळ. तिने दोर सोडून पदर ओढायला हात खाली घेतला. कळ तिथेच अडली.

तेवढ्यात ती फट बुजली. गोधडी दोन्ही हातांनी ताणून, लिंबाकडे पाठ करून कुणीतरी उभं राहिलं होतं. वाकलेली पाठ, विटलेलं लुगडं, बोटांना नुकत्याच उचललेल्या भंडाऱ्याची हळद. ठकूबाई होती ती.

"मी भित मागितली व्हती," ती मागे न बघता म्हणाली. "भगदाड न्हाई." आणि बाजारकरांना म्हणाली, "इकडं काय बगता? बाजार तिकडं हाय."

बयजाने पुन्हा दोर धरला.

मूल आलं. आणि रडलं नाही.

त्या शांततेला सगळे ओळखत होते. ठकूबाई तर सगळ्यांत जास्त. तिने गोधडी आणखी ताणून धरली. बिरूची मान ताठ झाली, खांदे हलले, पण तो वळला नाही. घोंगड्यांची ती भिंत इकडून तिकडे शहारली आणि तशीच उभी राहिली.

कोंडाईने मूल उचलून उन्हात धरलं. हनुवटीच्या घडीत दडून नाळेचा वेढा गळ्याला बसला होता. धुरात, अंधारात, नुसत्या बोटांना तो सापडला नसता. "हे तवा दिसलंच न्हाई गं," ती पुटपुटली. तिने बोट घालून वेढा सोडवला, पाठ चोळली, तोंडातली घाण काढली. मग एक बारीक चिरका आवाज निघाला, आणि त्यामागोमाग असा टाहो, की विहिरीवरचे पारवे उडाले, असं सांगतात.

बिरूने माळाकडे बघतच विचारलं, "आता वळू का?"

"थांबा," बयजा म्हणाली. "मला बगू द्या आदी."

तिने मूल मांडीवर घेतलं. पोरगी होती. बयजाने तिचं कपाळ बघितलं, कान बघितले, मिटल्या मुठी एकेक बोट उलगडून बघितल्या. सावकाश, पोटभर बघितलं. तेवढा वेळ सगळी भावकी पाठ देऊन उभी राहिली.

मग ती म्हणाली, "वळा."

सगळ्यांत शेवटी ठकूबाई वळली. कोंडाईने भीत भीत सांगितलं, पोरगी हाय. ठकूबाईने डोळे पुसले. "असू दे. आवाज ऐकला न्हवं? बंडगराचीच हाय."

कुणी म्हणतात, ज्याने त्याने ओढ्यातून आपापल्या मापाचा दगड आणून आपल्या जागी रोवला. कुणी म्हणतात, दुसऱ्या सकाळी दगड आपसूक वर आलेले दिसले. खरं काय ते बिरोबाला ठाऊक. मधल्या दिराच्या जागी बुटका दगड आहे, तो ठकूबाईचा. त्याच वर्षी तिने स्वतः उभं राहून अंधाऱ्या खोलीला खिडकी पाडून घेतली, पावसापाण्यात ज्यांना परसात बसता येत नाही त्यांच्यासाठी. ती खिडकीही बघून जा.

लिंब आता तो नाही, त्याच्याच बुंध्याला फुटलेला आहे. बयजामागून कितीक बाया लिंबाखाली बाळंत झाल्या; आता तिथे कुणी होत नाही. गाडी येते, बाया तालुक्याच्या दवाखान्यात जातात, आणि ते बरंच आहे. पण जायच्या आधी प्रत्येक पोटुशी इथे येते, ठकूबाईच्या पाठीला हळद लावते, मग बाकीच्यांच्या. आणि आजही दवाखान्याच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून एखादा माणूस उभा दिसला, तर ओळखावं, हा बेलगव्हाळीचा. आतून रडणं ऐकू येतं. तो विचारतो, "वळू का?" नर्सबाई आधी हसायच्या, आता तो निरोप आत नेतात.

आत बाई आपल्या बाळाचं तोंड बघत असते. तिचं बघून होईपर्यंत तो वळत नाही.