रंग न लावलेली ढाल

कातळवेळच्या धक्क्याशी कोळ्यांचे एक छोटे देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर नौदलाच्या एका जहाजाचे मानचिन्ह टांगलेले आहे. जहाजाला आमच्या गावाचे नाव दिले, तेव्हा त्यांनी ही प्रतिकृती पाठवली. पितळी दोराची कड, खाली तीन निळ्या लाटा आणि ढालीच्या मधोमध फणसाच्या लाकडाचा चौकोनी तुकडा. त्याला ना रंग, ना रोगण.

पाहुणे ठरलेला प्रश्न विचारतात. "हा भाग रंगवायचा राहिला का?"

जोमा तांडेल देवळाच्या पायरीवर जाळे सांधत बसलेले असतात. वय ऐंशीच्या पुढे. ते आधी बाजूला ओढून ठेवलेल्या होड्यांकडे बोट दाखवतात. प्रत्येक होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाशी, डाव्या अंगाला ताटाएवढे ठिगळ आहे. होडी लाल असो, हिरवी असो, ठिगळ उघडेच. मग ते सांगू लागतात. मी ऐकले तसे लिहितो.

फार जुनी गोष्ट. खाडीच्या तोंडाशी फिरंग्यांचे एक मोठे गलबत येऊन उभे राहिले. त्याच्या पाठीमागच्या फळीवर त्यांच्या राजाची ढाल कोरलेली होती, मुकुट घातलेला सिंह. कप्तानाने त्याच सिंहाची लोखंडी डागणी करवली. ती तापवून गावातल्या बावीसही होड्यांच्या नाळेवर उठवली. ज्या होडीवर सिंह, ती होडी सिंहाची. बोलावील तेव्हा यायचे आणि त्याच्या तोफा समोरच्या बेटावरच्या किल्ल्यापाशी वाहायच्या. किल्ल्यात आपलीच माणसे होती, निम्मी याच गावची.

यातून पेच असा पडला की डाग असलेली होडी जवळ आली तर किल्ल्यावरचे तिला बुडवीत आणि डाग नसलेली दिसली तर फिरंगी. पंधरा दिवस कोणी बेटाकडे गेले नाही. मग एक जण पोहत आला. किल्ल्यातले टाके आटले आहे, पाणी उद्यापुरते आहे, एवढे सांगून तो वाळूत आडवा झाला.

गावात नागूबाय नावाची बाई होती. नवरा दर्यात गेलेला, होडी तिची, वल्ही मारायला दोन दीर. तिने भाना सुताराला बोलावले आणि डाग तासून काढायला सांगितले. भानाने वाकस चालवून पाहिली. लोखंड खोलवर बसले होते. सिंह जाईना.

"मग तेवढा तुकडाच काप," नागूबाय म्हणाली.

"आणि ठिगळ? काथ्या भरून राळ सुकायला दोन दिवस लागतील, बाय."

"पाणी उद्यापुरतं हाय."

"भोक पडलेली होडी घेऊन जाशील? म्हावरं हसतील तुला."

"हसू दे. हा डाग घेऊन गेले तर माणसं हसतील."

भानाने तुकडा कापला. नागूबायने तो घरी नेऊन चुलीत घातला आणि त्यावर दिरांसाठी कालवण शिजवले, असे सांगतात.

सकाळी ओहोटीबरोबर होडी निघाली. आत पाण्याचे बारा रांजण. नाळेपाशी नागूबाय आत तोंड करून बसली, पाठ त्या भोकाला घट्ट लावून. लाटा तिच्या पाठीवर फुटत होत्या.

गलबताच्या बाजूने जाताना दुभाष्या कठड्यावरून ओरडला, "ए बाई, शिक्का कुठाय?"

"चुलीत घातला," तिने मान न वळवता सांगितले. "कालवण ब्येस झालं म्हणावं तुझ्या कप्तानाला."

कठड्यावर कोणीतरी हसले म्हणे. मग बंदुका सुटल्या.

"वहिनी, खाली हो," धाकटा दीर म्हणाला.

"हलले तर पाणी येईल. तू वल्हं मार."

त्यानंतर ती बोलली नाही. होडी किल्ल्याच्या पायऱ्यांना लागली. आधी रांजण उतरवले, मग लोक तिला उठवायला गेले. तिच्या पाठीत सात गोळ्या होत्या. होडीचा तळ मात्र कोरडा होता, म्हणे थेंबसुद्धा नव्हता. तिला उचलल्यावरच त्या भोकातून समुद्र आत आला.

दुसऱ्या दिवशी कप्तानाने तोफा वाहायला होड्या मागवल्या. शिपाई किनाऱ्यावर आले तर उरलेल्या एकवीसही होड्यांना नाळेवर ताटाएवढे भोक. गावातल्या प्रत्येक छपरातून धूर निघत होता आणि खाडीभर कालवणाचा वास सुटला होता. एकवीस चुलींत सिंह जळत होता. उथळ पाण्यात गलबत जाईना, होड्यांवाचून तोफा पोचेनात. पावसाळ्याच्या तोंडावर कप्तान नांगर उचलून गेला.

भाना सुताराने नागूबायच्या होडीला फणसाचे ठिगळ बसवले, पण रंग लावू दिला नाही. "ती तिची पाठ आहे," तो म्हणाला, "झाकायची नाही."

दूरदेशी शिकताना मी राजांच्या पुष्कळ ढाली पाहिल्या. त्यांवर सिंह होते, गरुड होते, मुकुट होते. आमच्या जहाजासाठीही पहिला नमुना आला तो वाघाचा आणि दोन तलवारींचा. जोमातात्यांनी तो परत पाठवला. "वाघ आमच्या खाडीत पोहताना कोणी बघितलेला नाय," असे कळवले आणि सोबत फणसाची एक फळी दिली. आलेल्या अधिकाऱ्याने ही गोष्ट बसून ऐकली, फळी कपड्यात गुंडाळली आणि नेली.

आजही कातळवेळला नवी होडी आली की सुतार आधी तिला भोक पाडतो. फायबरच्या होडीलासुद्धा. विकणारा डोक्याला हात लावतो, पण गाव ऐकत नाही. लाकडी होडीचा कापलेला तुकडा मालकाच्या चुलीत जातो. फायबरचा जाळला तर घाण वास येतो म्हणून तो पुरतात, आणि कालवण गॅसवर होते. गेल्या वर्षी एका कंपनीने साऱ्या होड्यांना फुकट रंग देऊ केला. अट एकच, नाळेवर कंपनीचे चिन्ह. तिचा माणूस नमुन्याची पाटी घेऊन याच पायरीवर आला होता.

जोमातात्यांनी पाटी हातात घेतली, ठोकून पाहिली आणि विचारले, "लाकडाची हाय काय? मग ठेवून जा. संध्याकाळी कालवण करायचंय."