अकरा रविवार

“एकच तर ओळ लिहून द्यायची आहे, बुवा. त्यात इतकं अवघड काय आहे?”

विद्याधरने हे तिसऱ्यांदा विचारलं.

भवानगिरी बुवांनी तिसऱ्यांदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा चुलीवरच्या पातेल्याकडे बघितलं. दूध वर येत होतं.

कातळखिंडीचा मठ म्हणजे काही मोठं प्रस्थ नाही. दोन खोल्या, एक ओटा आणि पुढे सपाट अंगण. आसपास झाड किंवा छप्पर नसलेली तेवढीच जागा सापडली म्हणून पाटबंधारे खात्याने चाळीस वर्षांपूर्वी त्या अंगणात पाऊस मोजायचं यंत्र बसवलं. यंत्र ज्याच्या अंगणात, मोजायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. बुवा जप किती करतात ते गावात कुणाला ठाऊक नाही. पाऊस मात्र रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि वहीत लिहितात.

विद्याधर पोतनीस तरुणपणी खालच्या धरणावर ओव्हरसीअर होता. संध्याकाळी करमायचं नाही, म्हणून मठात येऊन बडबडत बसायचा. एकदा बुवा वैतागून म्हणाले, “बोलतोस त्ये लिवत जा की. माझं कान किटलं.” या पठ्ठ्याने ते मनावर घेतलं. पुढे पुण्याला गेल्यावर त्याने ब्लॉग काढला. नाव ठेवलं ‘रविवारची पाटी’. दर रविवारी सकाळी एक लेख. गावची माणसं, बिघडलेली घड्याळं, शेजाऱ्यांची भांडणं, काय वाटेल ते. अशी सतरा वर्षं झाली.

आता त्याचं पुस्तक निघत होतं. मुखपृष्ठाचा नमुना त्याने बुवांपुढे धरला होता. त्यावर ठळक अक्षरात छापलं होतं : ‘सतरा वर्षं. एकही रविवार चुकला नाही.’

“काय लिवू?” बुवांनी पातेलं उतरवलं.

“तुम्हीच मला लिहायला लावलंत. तेव्हा पहिल्या पानावर तुमच्या हातचं असावं. ‘या माणसाने एकही रविवार चुकवला नाही.’ बस्स.”

“तू न्हाई चुकवलास?”

“आठशे सत्त्याऐंशी रविवार, बुवा. मोजून बघा. ब्लॉगवर प्रत्येक लेखावर तारीख आहे.”

बोलताना त्याची मान थोडी ताठ झाली. होणारच. त्याच्याबरोबर ब्लॉग सुरू केलेली सगळी मंडळी केव्हाच गळाली होती. कुणी संसारात बुडालं, कुणी दोन ओळींच्या थट्टेवर समाधान मानायला लागलं. वाचणारेही पांगले. तरी हा गडी दर रविवारी पाटी लिहीत राहिला. एवढ्यावर माणसाने थोडं मिरवलं तर काय बिघडलं?

“साडेआठ झालं,” म्हणत बुवा उठले.

माघाचे दिवस होते. आभाळात औषधाला ढग नव्हता. बुवा अंगणात गेले, यंत्राचं नरसाळं काढलं, आतली बाटली उचलली आणि काचेच्या मापात उलटी केली. काही पडलं नाही. तरी त्यांनी माप डोळ्यांसमोर धरलं, ओठ मिटून नीट बघितलं, बाटली जागेवर ठेवली आणि ओट्यावर येऊन वहीत लिहिलं : निरंक.

विद्याधरला हसू आवरेना. “बुवा, चार महिन्यांत थेंब नाही. इथे बसूनच लिहिलं असतंत तरी चाललं असतं.”

“बघितल्याबिगर कसं लिवू?”

“पण ठाऊक असतं ना.”

“ठाऊक असतं...” बुवांनी मान डोलावली. “बघितल्यालं नसतं.”

मग त्यांनी आतून जुन्या वह्यांचा गठ्ठा आणला आणि विद्याधरपुढे ठेवला. “माझीबी पाटी बघ,” म्हणाले, आणि दूध गाळायला बसले.

विद्याधर पानं चाळू लागला. ओळीने तारखा, ओळीने आकडे. महिनेच्या महिने नुसतं निरंक, निरंक. मग आषाढ-श्रावणात आकड्यांची झुंबड. मनात तो हिशेब करत होता. चाळीस वर्षं, रोज. म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी पुढे. त्याला थोडं खट्टूही वाटलं.

एका श्रावणाच्या पानावर तो थबकला. लागोपाठ तीन तारखांपुढे आकडाच नव्हता. तिन्ही रकाने एका कंसात बांधले होते आणि कंसाबाहेर लिहिलं होतं : दोनशे सत्तर मि.मी., तीन दिवसांचा मिळून.

त्याचा चेहरा उजळला. म्हातारा सापडला होता.

“बुवा! हे काय? तीन दिवस चुकले की तुमचे!”

“चुकलं.”

“आजारी होता?”

“न्हाई. रुसलो व्हतो.”

“कुणावर?”

बुवांनी बोट वर केलं. “बोलायचं न्हाई म्हणून आत दार लावून बसलो. तीन दिस यंत्राकडं गेलो न्हाई. त्यो आपला पडत व्हता...”

विद्याधर जवळ सरकला. मदत करायची उबळ त्याला दाबता येईना. “अहो, मग हे असं उघडं कशाला ठेवलंत? दोनशे सत्तर भागिले तीन. नव्वद, नव्वद, नव्वद. एकूण तेच. कुणाला कळलंही नसतं. वही कशी सलग झाली असती.”

“खात्याचा नवा कारकूनबी असंच म्हणाला व्हता.”

“मग?”

“त्याला खालच्या वाडीत न्हेला. तिथला वढ्यावरचा साकव वाहून गेला व्हता, त्या तीन दिसांत. मधल्या दिशी. पैल्या दिशी भुरभुर व्हती, तिसऱ्या दिशी उघाड. सगळा मधल्या दिशी पडला. त्याला म्हणलं, बाबा, तुझ्या नव्वदानं ह्यो साकव पडत न्हाई.”

बुवांनी दुधाचा पेला त्याच्यापुढे ठेवला. “पी. सायीचं हाय.”

त्याने पेला उचलला नाही. वही मिटली, पुन्हा उघडली. मग घसा खाकरून म्हणाला, “यंत्राची गोष्ट वेगळी, बुवा. लेख म्हणजे पाऊस नव्हे.”

“म्या कुठं म्हणलं?”

“नाही, तुम्ही काही म्हणाला नाहीत...”

“म्हणतो की आता.” बुवांनी मांडी बदलली. “ह्या शाळंवरच्या गुरवबाई हाईत. दर सोमवारी शाळंत जाता जाता हितं टेकत्यात आन् तुझी पाटी मला वाचून दावत्यात. धा वर्षं झाली.”

विद्याधरने चमकून वर बघितलं. हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या ब्लॉगवर गेल्या आठवड्यात एकोणीस वाचक आले होते. त्या एकोणिसांतला एक वाचक मोबाइल हातात धरून दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत असेल, हे कुठला आकडा सांगणार?

“चार वर्षांमागं,” बुवा सावकाश म्हणाले, “येका सोमवारी बाई आल्या. म्हणाल्या, आज काय न्हाई बुवा. फुडल्या सोमवारी पुन्हा तेच... आज काय न्हाई. असं अकरा सोमवार. बाईंना म्हणलं, पोरगं बरं हाय ना? बाईंना तरी काय ठावं?”

विद्याधर मांडीवरच्या वहीची पानं उगाच उलटत राहिला.

“मग येक दिस बाई आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या. म्हणाल्या, अकरा लेख हाईत बुवा! मागल्या तारखा घालून. चिंचेचं सार, छत्रीची दुरुस्ती, कसलं कसलं. शाळंला उशीर झाला, पर बाईंनी समदं वाचलं.”

विद्याधरचे कान तापले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला शाळेत पकडलेल्या पोरासारखं वाटावं, तसं त्याला झालं. आणि पकडलं गेलं की माणूस आधी चिडतो. तोही चिडला.

“लेख वाईट होते का?”

“झ्याक व्हते.”

“मग? खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. फक्त तारीख मागची घातली. त्याने कुणाचा साकव पडला?”

बुवा गप्प राहिले.

त्यांचं हे गप्प राहणं विद्याधरला तरुणपणापासून नकोसं व्हायचं. भांडणारा माणूस परवडतो. हा नुसता बघत बसतो, आणि आपलंच तोंड सुटतं.

ते सुटलंच.

“माझे बाबा दवाखान्यात होते, बुवा. अकरा आठवडे. मी तिथेच बाकावर झोपायचो. लिहिणं कुठलं आणि काय... पण दर रविवारी सकाळी ते विचारायचे, ‘विदू, पाटी लिहिलीस?’ माझे पहिले वाचक तेच. त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणू? आजारपणाने आपल्या मुलाचं लिहिणं बंद पाडलं, हे त्यांना कशाला कळायला हवं होतं? मी म्हणायचो, हो, लिहिली. ते म्हणायचे, छान. अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा मी हो म्हणालो.”

त्याने मुखपृष्ठाचा नमुना उचलून पालथा ठेवला.

“बारावा रविवार यायच्या आधीच ते गेले. अग्नी देऊन घरी आलो आणि लिहायला बसलो. चार दिवस उठलो नाही. अकरा लेख लिहिले. त्यांना हो म्हणालो होतो ना. ते खरं करायला नको होतं? तेव्हा माझ्या डोक्यात मुखपृष्ठ नव्हतं, बुवा. शपथ घेऊन सांगतो. हे ‘एकही रविवार चुकला नाही’ नंतर आलं. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, मी नाही म्हणालो नाही. मग मलाही तसंच वाटायला लागलं.”

अंगणात साळुंक्या भांडत होत्या.

“त्या अकरा लेखांत बाबा कुठं हाईत?” बुवांनी विचारलं.

“...कुठेच नाहीत.”

विद्याधर उठला. मठात मोबाइलला रेंज फक्त अंगणाच्या टोकाला, कड्याजवळच्या दगडावर उभं राहिलं की मिळते. तो तिथे जाऊन उभा राहिला आणि प्रकाशकांना, सबनीसांना, त्याने फोन लावला.

“सबनीस, मुखपृष्ठावरची ती ओळ काढायची.”

पलीकडून सबनीसांचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला. “अहो पोतनीस, परवा कव्हर छपाईला जातंय! त्या ओळीवर तर पुस्तक उभं आहे!”

“काढा. आणि चार वर्षांपूर्वीचे आषाढापासूनचे अकरा लेख आहेत, तेही काढा. मी यादी पाठवतो.”

“अकरा लेख? मग पानं कोरी सोडू का?”

“हो. कोरी सोडा. वर तारखा तेवढ्या ठेवा.”

“अहो, पण झालंय तरी काय? कुणाला काही कळलंय का?”

विद्याधरने मागे वळून ओट्याकडे बघितलं. बुवा पेल्यातली साय बोटाने बाजूला करत होते.

“कळलंय,” तो म्हणाला. “केव्हाच.”

सबनीस आणखी बरंच बोलले. तारखा, कागद, लोक काय म्हणतील. विद्याधरने सगळं ऐकून घेतलं आणि दर वेळी तेवढंच सांगितलं, की ओळ काढा आणि पानं कोरी ठेवा. चौथ्यांदा सांगितल्यावर सबनीस दमले.

फोन ठेवून तो तिथेच उभा राहिला. ब्लॉग उघडला आणि ते अकरा लेख एकेक करून त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकले. दरवेळी मोबाइल विचारायचा, नक्की काढायचा? दरवेळी तो हो म्हणायचा. शेवटचा काढण्याआधी त्याने तो एकदा वाचला. चिंचेच्या साराचा लेख चांगलाच जमला होता. तरी काढला.

परत येऊन तो बुवांसमोर बसला. आता मान ताठ नव्हती, पण खालीही नव्हती.

“झालं. आता पुढचा रविवार आला की लिहीन. नाही जमलं तर नाही जमलं असं लिहीन. पण लिहिणं सोडणार नाही, बुवा. आशीर्वादाची ओळ राहू दे. मला ती नको.”

बुवांनी मान हलवली.

“एकच गोष्ट काही केल्या सुटत नाही,” विद्याधर म्हणाला. “वाचकांना आता खरं सांगता येईल. तुम्हाला कळलंच होतं. पण बाबा? मी लिहितोय असं समजून ते गेले. त्यांना मी फसवलं ते फसवलंच. ते आता कसं काढू?”

बुवांनी वह्यांचा गठ्ठा नीट बांधला. मग म्हणाले, “तुझी पाटी त्ये वाचायचे कशावर?”

“त्यांच्या मोबाइलवर. तेवढंच यायचं त्यांना त्यात. रविवारी उठलं की चहाच्या आधी.”

“तुला इचारून?”

“छे. मला कशाला विचारतील? स्वतःच उघडायचे.”

“दवाखान्यात त्यो मोबाइल कुठं असायचा?”

“उशाशी...”

शब्द तोंडातून गेला आणि विद्याधर तसाच थांबला. त्याने बुवांकडे बघितलं.

बुवांनी गार झालेला पेला उचलून त्याच्या हातात दिला.

“मग तरीबी त्ये अकरा ऐतवार तुला का इचारत व्हते... तेवढं लिव.”