परत न केलेली भांडी

एका राज्यात सारं काही होतं, फक्त कुणाचं पोट भरत नव्हतं. कोठारं गव्हानं फुगलेली, गाईंच्या कासा दुधानं तटतटलेल्या, आणि पंगतीला बसलेला माणूस दहा भाकऱ्या संपवून अकरावीकडे डोळे लावून बसे. घास गळ्याखाली उतरे, भूक होती तिथंच राही. 'पुरे' हा शब्द त्या राज्यात कित्येक वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. खाऊन खाऊन माणसं थकली होती, आणि सगळ्यांत थकला होता राजा मेघकेतू. समोर ताट आलं की त्या म्हाताऱ्याला रडू येई.

अशात राजकन्या चंद्रलेखा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळ प्यायचं आणि रडायचं, पुन्हा प्यायचं, पुन्हा रडायचं, आणि दिवसागणिक काडी होत चाललं होतं. राजवैद्यानं हात टेकले.

"महाराज, आईला दूध उदंड आहे. बाळाच्या अंगी लागत नाही. ही पौर्णिमा पाहील असं वाटत नाही."

राजा उठला. देवाला एखादा हिरा वाहावा म्हणून गुडघे धरत रत्नशाळेत गेला. तिथं खिडकीत साळुंकी बसली होती. ती बोलली.

"राजा, हिरे कसले चाळतोस? मागच्या कोनाड्यात बघ."

कोनाड्यात जळमटांखाली तीन वस्तू होत्या. मातीचं मडकं, वेताची परडी, भोपळ्याचा तुंबा. राजानं त्या ओळखल्या आणि त्याची मान खाली गेली.

फार वर्षांपूर्वी या राज्यात दुष्काळ पडला होता. तेव्हा किनाऱ्याच्या राज्यातून मडकंभर सुकी मासळी आली, डोंगरातून परडीभर नाचणी, अरण्यातून तुंबाभर मध. अशी मडकी, परड्या आणि तुंबे महिनाभर येत राहिले आणि राज्य तगलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हा इथला जुना रिवाज. पुढं सुगी आली. राजानं विचारलं, भांड्यांत काय घालून पाठवायचं? प्रधान बहुधर मोठा हुशार. तो म्हणाला, "महाराज, भरून द्यायचं जिवावर येतं. रिकामं देणं रिवाजाला सोडून. भांडी परत केलीच नाहीत, तर रिवाज मोडेल कसा?"

तरुण राजाला ते पटलं. भांडी कुलपात गेली; पुढं त्यांतली तीनच टिकली. कुणी मागायला येऊ नये म्हणून वेशीही बंद झाल्या. तिन्ही राज्यांचे रस्ते याच राज्यातून जात, त्यामुळं त्यांचं आपसातलं देणंघेणंही थांबलं. तिठ्यावर एक जोगीण बसायची. तिनं शाप दिला, "भांडी ठेवून घेतलीस? मग तुझी भांडीच भरतील. पोटं नाहीत."

"आता काय करू?" राजानं विचारलं.

"तीन भांडी, तीन दारं," साळुंकी म्हणाली. "भरून परत कर. स्वतः ने."

राजानं मडक्यात गहू घातला, परडीत रेशीम, तुंब्यात रत्नं. घोडेही कायमचे भुकेले, ते चंदीचे तोबरे सोडून हलेनात. राजा पायीच निघाला. वेस ओलांडली आणि गव्हाचा भुसा झाला, रेशमाचा भुसा झाला, रत्नांचाही भुसाच झाला. राजा धोंड्यावर बसला. परत फिरावंसं वाटलं, पण परत फिरायलाही तेवढंच चालावं लागणार होतं.

किनाऱ्याची राणी वेलावती मिठागरात गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचा वाडा वादळानं नेला होता.

"काय आणलंत?" तिनं विचारलं.

"भरून निघालो होतो. भुसा झाला," राजा म्हणाला. "लेकीनं बांधून दिलेली भाकरी आहे. माझ्या तोंडचा घास आहे, कोठारातून उपसलेला नाही." ती त्यानं मडक्यात ठेवली. भाकरी भाकरीच राहिली.

राणीनं ती सगळ्या माणसांना मोडून वाटली. बोटाएवढाही तुकडा कुणाला आला नाही, पण कुणी तोंड वाकडं केलं नाही. मग तिनं परडीत पळसाची पानं अंथरली आणि वर मीठ भरलं.

"आमच्यासाठी?" राजा गहिवरला.

"तुमच्यासाठी कोण म्हणतंय? परडी डोंगराची ना? वेस लागल्यापासून तिथली माणसं अळणी खाताहेत. निघा आता."

वाट राजवाड्याच्या मागून जात होती. बाळाचं रडणं ऐकू आलं, निघताना होतं त्याहून बारीक. राजा थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा निघाला नसता.

डोंगरच्या राजानं मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि मोठ्यानं रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "अरण्याचं बियाणं वणव्यात जळालं म्हणतात. तुंबा द्या इकडं." त्यानं तो नाचणीच्या बियाण्यानं गच्च भरला.

अरण्याकडे वळताना तिठ्यावर जोगीण बसली होती. तीच, तशीच.

"मेघकेतू, तुंबा इथं ठेव. आत्ता शाप काढते. नात वाचेल. पुढं अजून मोठा पल्ला आहे, तोवर ती टिकेल की नाही, कोण जाणे."

राजानं विचारलं, "अरण्यात लहान मुलं आहेत?"

"आहेत."

"रडतात?"

"रडायचंही त्राण नाही त्यांच्यात."

राजानं तुंब्याकडे पाहिलं. नातीचा आवाज कानात होता. शेवटी तो म्हणाला, "माई, एकदा दुसऱ्याची भांडी ठेवून घेतली, त्याचं ओझं जन्मभर वाहिलं. आता अंगात बळ नाही." आणि तो रडत रडत अरण्याच्या वाटेनं चालू लागला. जोगिणीनं त्याला अडवलं नाही.

अरण्यात बियाणं पोचलं. तिथल्या बायकांनी तुंबा उराशी धरला. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, तरी कुणाला रिकाम्या हातानं धाडतील तर त्या कसल्या! त्यांनी पानावर मधाच्या पोळ्याचा एक तुकडा दिला.

राजा घरी आला तेव्हा बाळाचं रडणं थांबलं होतं. दारातच लेक उभी होती. "श्वास आहे, बाबा," ती म्हणाली.

राजानं मधाचं बोट बाळाला चाटवलं. जिभेचं टोक हललं. चंद्रलेखेनं तिला पदराखाली घेतलं. बाळ प्यायलं, पीत राहिलं, आणि मग जन्मात पहिल्यांदाच तिनं तोंड फिरवलं. एवढासा ढेकर दिला आणि झोपी गेली.

वाड्यात कुणी हलेना. प्रधान बहुधर भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता.

त्याच संध्याकाळी वेशींची दारं उतरवली. मीठ डोंगरात जाऊ लागलं, बियाणं अरण्यात, मध किनाऱ्याला, आणि चारही राज्यांत एकही भांडं रिकामं फिरेना.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी राजासमोर ताट आलं. भाकरी होती, वर चिमूटभर मीठ. त्यानं अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी पाहिली, पाय लांब केले आणि ताट सरकवून म्हणाला,

"पुरे."

ज्यांनी ही कहाणी ऐकली, त्यांच्या घरचं भांडं भरलेलं जावो, भरलेलं येवो.