वीतभर उंच देवघर

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी घरी घेऊन निघाला. विधी आटोपल्यावर गुरूंनी आप्तेष्टांसमोर वडिलांच्या वैराग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी त्याची इच्छा होती. वाटेत त्याने सारे सांगितले. वडील चाळीस वर्षे रोज स्वतःच्या हातांनी देवपूजा करीत. शेवटच्या दोन वर्षांत मात्र त्यांनी ती सोडली. सकाळी स्नान करून देवघराच्या दाराशी येत, क्षणभर उभे राहत आणि परत खाटेवर जाऊन बसत. विचारले तर म्हणत, आता मनातच करतो. वडील मूर्तीच्या पलीकडे गेले, असे शिष्य पाहुण्यांना अभिमानाने सांगे. पाहुणे त्यांच्या पाया पडत.

गुरूंनी एवढेच विचारले, "देवघर जुनेच आहे का?"

तीन वर्षांपूर्वी घर नव्याने बांधले, तेव्हा ते मुद्दाम वीतभर उंच करून घेतले, असे शिष्य म्हणाला. देवाची जागा माणसांच्या पावलांच्या वर असावी, अशी त्याची श्रद्धा होती. वडिलांनीही तेव्हा कौतुकच केले होते.

घरी पोहोचल्यावर शिष्याने गुरूंपुढे फुले धरली. ती न घेता गुरू देवघराच्या दाराशी खाली बसले आणि हात पसरून पायरी मोजू लागले. वीत भरली, वर चार बोटे उरली. मग चौकटीचा आधार घेत ते सावकाश उठले. नव्या लाकडावर छातीच्या उंचीला तळहाताएवढा तेलकट, काळसर डाग होता. देवाकडे न पाहता गुरूंनी त्या डागाला हात जोडले.

मंडळी चमकली. महाराजांना कमी दिसते वाटते, देव तर पलीकडे आहेत, असे एक मामा शेजाऱ्याच्या कानाशी म्हणाले. काहीजण हसले. शिष्याची आई हसली नाही.

गुरू म्हणाले, "हा डाग एका दिवसाचा नाही. इथे एक माणूस रोज हात टेकून उभा राहिला. त्याने पाय उचलून पाहिला, पण पाय वर जाईना, म्हणून तो परत गेला. तू देवाला मान दिलास आणि पूजा करणाऱ्याचे गुडघे विसरलास. हात पोहोचत असताना सोडणे, ते वैराग्य. तुझे वडील तर शेवटपर्यंत पोहोचायला येत होते."

मग शिष्याने खाली पाहत विचारले, "पण ते मला बोलले का नाहीत?"

उत्तर आईने दिले. "काय बोलणार? पोरानं हौसेनं बांधलंय, म्हणायचे. एकदा म्हटलं, मी सांगते त्याला, तर माझ्यावरच चिडले." थोडे थांबून ती म्हणाली, "मीसुद्धा गेल्या श्रावणापासून इथूनच हात जोडते. तू म्हणालास, आईही बाबांच्या वाटेनं चालली."

त्या दिवशी प्रवचन झाले नाही. निघताना गुरूंनी एवढेच सुचवले, की देव उंच हवेत तर चौरंगावर ठेवावेत; जमीन मात्र सरळ असू द्यावी.

दुसऱ्याच सकाळी गवंडी आला. त्याने देवघराची फरशी उखडली, खालची भर काढली, उंबरठा काढून जमीन बाहेरच्या खोलीच्या पातळीला आणली. दाराशेजारच्या भिंतीत धरायला लाकडी दांडा बसवला. तिसऱ्या दिवशी आई दांडा धरून, पाय न उचलता, नुसते सरकवत आत गेली. देवाला फूल वाहून ती तिथेच उभी राहिली.

"दोन दिवसांचंच काम होतं रे," ती म्हणाली.

त्यानंतर वडिलांच्या वैराग्याची गोष्ट शिष्याने कोणालाही सांगितली नाही.

घरातल्या वृद्धाने एखादी गोष्ट आपणहून सोडली असे वाटले, तर तिच्यापर्यंतची जमीन आपण एकदा वाकून पाहावी.